सत्तरीतलं आजोबांचं तीस हजार मीटर रान : जंगलमालकांचा क्लास करावा का, आणि त्यात नक्की काय शिकायचं

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे आजोबांची तीस हजार चौरस मीटर, म्हणजे ३ हेक्टर जागा, आता ती तुमच्या आईच्या आणि दोन मामांच्या नावावर, तुम्ही पुण्यात नोकरीला, वीस वर्षं तिकडे कोणी कोयता घेऊन गेलेलं नाही. एक मामा म्हणतात साफ करून काजू लावू, दुसरे म्हणतात ते खासगी वनात गेलंय, आता त्याचं काही होत नाही, मिळेल त्या भावात विकून टाका. आणि तुमची अमेरिकेतली मैत्रीण सांगते की तिकडे छोट्या जंगलमालकांसाठी युनिव्हर्सिटीचे क्लास असतात, ती स्वतः करून आली. तर गोव्यात असं काही आहे का आणि पुण्याहून येऊन करण्यासारखं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

करण्यासारखं नक्कीच आहे. पण मला वाटतं तुमची अडचण क्लासच्या आधीची आहे. दोन मामांची दोन मतं आहेत, मैत्रिणीचं तिसरं, आणि या तिघांपैकी त्या रानातून उभं-आडवं चाललेलं अलीकडे कोणीच नाही. आत किती झाडं आहेत, कुठली आहेत, खाली रोपं येतायत की नुसतं रानमोडी नावाच्या तणाचं गचपण आहे, पाण्याचा झर आहे का, हद्द कुठून जाते, यातलं एकही उत्तर तुमच्या प्रश्नात नाही. ते माहीत नसताना काजू लावायचा की विकायचं की ठेवायचं हे ठरवणार कसं? चांगला क्लास हेच शिकवतो, आपल्या रानात चालायला आणि मोजायला. हात लावायचा तो नंतर, आणि पुष्कळ ठिकाणी लावायचाच नाही.

मी वन खात्यात बावीस वर्षं काढली, बहुतेक सगळी डिचोली-सत्तरीत. नंतर स्वतःची थोडी जागा, आणि गेली अकरा वर्षं आम्ही तिघं-चौघं मिळून ओळखीतल्या जंगलमालकांसाठी वर्षाला चार रविवारचे वर्ग घेतो. खोली नाही, प्रोजेक्टर नाही, दर वेळी कोणा एकाच्या रानात. त्या अनुभवावरून सांगतो.

अमेरिकेची गोष्ट आधी संपवतो. तिकडे १९१४ च्या कायद्याने सरकारी युनिव्हर्सिट्यांचं एक्स्टेन्शनचं जाळं उभं राहिलं, शास्त्रज्ञाने शेतकऱ्याच्या दारात जायचं अशी ती पद्धत, आणि पुढे जंगलमालकही त्यात आले. तुमच्या मैत्रिणीने शिकलेल्यातलं बरंच इथे चालेल, हद्द, नकाशा, झाडांची मोजणी, लेखी प्लॅन. पण तिथल्या क्लासचा मोठा भाग लाकूड कधी आणि कसं विकायचं यावर असतो, तो तुम्ही बाजूला ठेवा. आपल्याकडे पाऊस वेगळा, कायदा वेगळा, मार्चमधली आग वेगळी, आणि एका सर्व्हे नंबरवर सात-आठ नावं ही भानगड तर आणखीच वेगळी.

आता तुमच्या बाबतीत काय कशावर अवलंबून आहे ते बोलू, कारण याचं एकच सरळ उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. पहिलं म्हणजे कागद. एक-चौदाचा उतारा (आपला गोव्याचा सात-बारा) आणि सर्व्हे प्लॅन काढा, आणि तुमचा सर्व्हे नंबर, त्याचा पोटविभाग धरून, खासगी वनाच्या यादीत आहे का ते वन खात्याकडून लेखी विचारून घ्या. मामा म्हणाले किंवा शेजारी म्हणाला यावर जाऊ नका. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जंगल म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जंगल, मालकी कोणाचीही असो, आणि त्यानंतर गोव्यात १९९७ मध्ये सावंत समिती, २००० मध्ये करापूरकर समिती, मग २०१२ मध्ये थॉमस आणि आरावजो समित्या आल्या, त्यांनी गावोगाव खासगी वनं शोधली. त्यामुळे एखादी जागा एका यादीत असते, दुसऱ्या यादीत तिचा थोडाच भाग असतो, एखादी तपासणीत परत येते, असा घोळ होतो. तुमची कुठल्या यादीत, पूर्ण की थोडी, अंतिम की तपासणीतली, हे कळल्याशिवाय पुढचं बोलणं हवेतलं.

निकष तीन आहेत, ते पाठ करून ठेवा. तिथल्या झाडांत किमान ७५ टक्के झाडं जंगली जातीची हवीत. जागा सरकारी जंगलाला लागून हवी, किंवा सुटी असेल तर किमान ५ हेक्टरची. आणि झाडांच्या छपराची घनता ०.४ पेक्षा कमी नको, म्हणजे वर बघितलं तर दहातले चार भाग तरी पानांनी झाकलेले. हे निकष सैल करून आणखी जागा त्यात घ्याव्यात अशी मागणी कोर्टात बरीच वर्षं चालली, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने आहेत तेच निकष ठेवले. तुमची जागा ३ हेक्टर आहे म्हणून आपण सुटलो असं समजू नका, ती सरकारी जंगलाला लागून असेल तर ५ हेक्टरचा प्रश्नच येत नाही.

आणि समजा यादीत आहे. तरी जागा सरकारची झाली नाही, मालकी तुमचीच राहते. हे लोकांना कोणी नीट सांगत नाही आणि त्या भीतीपोटी किती जणांनी चांगलं रान फुकापासरी विकलेलं मी बघितलंय. बंधन येतं ते वापरावर. १९८० चा वन संरक्षण कायदा, ज्याचं नाव २०२३ पासून वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम आहे, तो खासगी वनालाही लागतो, आणि केंद्राच्या परवानगीशिवाय जंगलाचा वनेतर वापर करता येत नाही. त्या कायद्यात वनेतर वापर म्हणजे काय ते लिहिलंय, आणि त्यात फक्त घरं आणि खाणी नाहीत, चहा, कॉफी, मसाल्याची पिकं, रबर, पाम, तेलबिया आणि फळबागेसाठी जंगल मोडणंही आहे. म्हणजे तुमच्या मामांचा काजूचा बेत, जागा यादीत असली तर, सरळ त्यात बसतो. नर्सरीतून कलमं आणण्याच्या आधी हे त्यांना दाखवा. यादीत नसली तरी झाड तोडायला १९८४ च्या गोव्याच्या वृक्ष कायद्याखाली ट्री ऑफिसरची परवानगी लागतेच, आणि तोडलेल्याच्या बदली झाडं लावायची अट असते.

कायद्याचं इतकं पुरे. आमच्या वर्गात पहिला अर्धा तास यातच जातो, त्यानंतर मात्र सगळे उठून रानात.

पहिला रविवार ऑक्टोबरमध्ये, पाऊस परतला की. आधी हद्द. सर्व्हे प्लॅन हातात, शेजारच्या जागेवाल्याला बरोबर घ्यायचं, आणि गडगा, मेर, जुना मोठा आंबा, दगड, ओहोळ असं बघत पूर्ण फेरी मारायची. शेजारी बरोबर असला की पुढचे अर्धे तंटे तिथेच मिटतात, आणि मार्चमधल्या आगीच्या वेळी तोच माणूस उपयोगी पडतो. फोनवरच्या नकाशात जीपीएसचे ठिपके घ्या पण सीमेसाठी त्यावर विसंबू नका, झाडीत फोन पाच-दहा मीटर सहज चुकतो. वाद असेल तर सरकारी मोजणी मागवा.

मग मोजणी. हे मी सगळ्यात जास्त वेळ लावून शिकवतो. २० मीटर बाय २० मीटरचा चौकोन दोरीने आखायचा. कोपरा काटकोनात आला का ते बघायला कर्ण मोजा, २८.३ मीटर आला की बरोबर. हा चौकोन ४०० चौरस मीटरचा, त्यात जितकी झाडं मिळतील त्याला पंचवीसने गुणलं की हेक्टरी आकडा आला. तुमच्या ३ हेक्टरला असे चार चौकोन कमीत कमी, सहा घेतले तर उत्तम. ते चांगल्या चांगल्या ठिकाणी निवडू नका, नाहीतर सगळे सावलीतल्या सपाटीवर जाऊन बसतात. आधी कागदावर ठिपके मारा, मग तिथे जा, काटे असले तरी. चौकोनात ज्याचा घेर ३० सेंटिमीटरच्या वर आहे अशा प्रत्येक झाडाचं नाव आणि घेर लिहायचा, घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर म्हणजे छातीच्या उंचीला, शिंप्याची टेप चालते. बुंध्याला खाली पाख्या, म्हणजे पसरट मुळांचे पंखे, असतील तर पाख्यांच्या वर मोजा. आणि मग, हे लोक विसरतात, चौकोनाच्या एका कोपऱ्यात ५ बाय ५ मीटरमध्ये गुडघे टेकून बसायचं आणि रोपं मोजायची. किंदळाची किती, माट्टीची किती, नाणा, जांबा, कुंभा, भिरंड म्हणजे कोकम. झाडाचं नाव येत नसेल तर पान-साल-फळाचा फोटो आणि गावातला जाणता माणूस. आमच्या वर्गाला गावातले एक धनगर काका येतात, सालीला नखाने ओरखडा काढून झाड ओळखतात, माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीपेक्षा त्यांचा अर्धा दिवस जास्त शिकवून जातो.

वरच्या मोठ्या झाडांपेक्षा ही खालची रोपं मला जास्त सांगतात. मोठी झाडं म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळात काय झालं, रोपं म्हणजे तुमच्या नातवंडांच्या काळात काय होणार. मोठी भरपूर आणि रोपं शून्य असतील तर कारण शोधायचं, दर वर्षी आग लागते का, गुरं चरतात का, की रानमोडीने उजेडच अडवलाय. कारण सापडलं की उपाय सोपा असतो आणि बऱ्याच वेळा झाडं लावणं हा उपाय नसतोच.

छपराची घनता मोजायला पुठ्ठ्याची नळी घ्या, दर दहा पावलांवर थांबून सरळ वर बघा, पानं दिसली तर बरोबरची खूण, आभाळ दिसलं तर फुली. शंभर ठिकाणी बघा, बरोबरच्या खुणा मोजा, टक्के आले. हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करा. आपल्याकडची निम्मी झाडं पानगळीची, किंदळ, माट्टी, सावर सगळी उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडी पडतात, मार्चमध्ये मोजलंत तर दाट रानही विरळ दिसेल आणि चुकीचा निष्कर्ष निघेल.

दुसरी गोष्ट साफसफाई, आणि इथे मी माझी स्वतःची चूक सांगतो कारण ती मला आजही लागते. नोकरी सोडल्यावर पहिल्याच वर्षी मी माझ्या जागेत चार माणसं आणि दोन ग्रास कटर लावले, तीन दिवसांत सगळं स्वच्छ, बघणारे म्हणाले काय सुंदर दिसतंय. पावसानंतर गेलो तर रानमोडी पहिल्यापेक्षा दाट, आणि जी बिबळ्याची आणि किंदळाची गुडघाभर रोपं होती ती सगळी कटरने जमिनीलगत गेलेली. बिबळ्याचं एक आईझाड होतं, त्याच्या खाली दहा-बारा वर्षांत जे उगवलं होतं ते तीन दिवसांत संपलं. मी लोकांना वनसंवर्धन सांगणारा माणूस, आणि माझ्याच रानात हे झालं. तेव्हापासून नियम असा की माणसं लावायच्या आधी मी स्वतः दोन दिवस फिरतो आणि प्रत्येक ठेवायच्या रोपाशेजारी बांबूची काठी रोवून तिला लाल चिंधी बांधतो. काठीपासून हातभर अंतरात कटर नाही, तिथे हाताने उपटायचं. खर्च वाढतो, वेळ जातो, पण रोपं राहतात.

रानमोडी काढायची वेळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. माती ओली असते, मुळासकट येते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिला फुलं येतात त्याच्या आधी काम होतं. फुलं आल्यावर कापलीत तर वाऱ्यावर बी गेलंच समजा. घाणेरी नुसती वरून कापून उपयोग नाही, मातीखाली तीन-चार इंचावर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटं करून ठेवायचं म्हणजे परत रुजत नाही. आणि सगळी जागा एका वर्षात साफ करू नका. तिसरा हिस्सा या वर्षी, तिसरा पुढच्या, कारण एकदम उघडं केलं की ऊन थेट जमिनीला लागतं आणि परत तीच तणं धावत येतात. पुण्याहून येऊन देखरेख करणाऱ्याला तर एक हेक्टरच झेपतो.

वेलींचंही तसंच. सगळ्या वेली तोडा म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. गारंबीसारखी जुनी वेल म्हणजे खेत्यांचा, म्हणजे माकडांचा, आणि शेकरूंचा रस्ता. जी वेल कोवळ्या झाडाचा शेंडा वाकवते तेवढीच सोडवायची. पोकळ, वाळकी झाडंही ठेवा, धनेश झाडाच्या ढोलीतच घरटं करतो. आणि वारुळं, ज्याला आपण रोयण म्हणतो, ती फोडू देऊ नका. पावसाळ्यात जी अळमी येतात ती या वाळवीशिवाय येत नाहीत, वाळवी आणि ती बुरशी एकमेकांच्या आधारानेच जगतात, रोयण फोडली की पुढच्या वर्षी अळमी नाही.

जुन्या खोडाला सहा-सात फुटवे आलेत असं किंदळाचं आणि माट्टीचं तुम्हाला बरंच दिसेल, कारण पूर्वी लाकूडफाट्याला तोडलेलं. त्यातले दोन सरळ ठेवून बाकीचे काढले की राहिलेले जोमाने वाढतात, हे खरं. पण तुमची जागा यादीत असली तर हेही वन खात्याच्या रेंज ऑफिसला विचारून, लेखी उत्तर घेऊन. अकेशिया असली तरी तेच. ती परकी आहे म्हणून एकदम काढायची घाई नको, खाली देशी रोपं असतील तर तिची सावली काही वर्षं कामाची, थोडी थोडी काढत जायची, परवानगीने.

तिसरा विषय आग, हा वर्ग आम्ही जानेवारीच्या शेवटी ठेवतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला सत्तरच्या वर ठिकाणी आगी लागल्या, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आम्ही त्या आठवड्यात हातात हिरव्या फांद्या घेऊन उतारावर होतो. आपल्या पानगळीच्या रानात आग बहुतेक वेळा जमिनीवरून पातेऱ्यातून, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांतून, सरकते, मोठी झाडं तगतात आणि लोकांना वाटतं काही झालं नाही, पण दोन-तीन वर्षांची सगळी रोपं जातात. दर वर्षी अशी आग गेली तर रान वरून हिरवं आणि खालून म्हातारं होत जातं.

उपाय जुनाच. हद्दीवर, विशेषतः रस्त्याच्या आणि काजूच्या बाजूला, दोन-तीन मीटर रुंद पट्टा जानेवारीअखेर-फेब्रुवारीत पातेरा ओढून मोकळा करायचा. ओढलेला पातेरा जाळू नका, आतल्या बाजूला पसरा किंवा शेजाऱ्याच्या बागायतीला खतासाठी द्या. पट्टा एकदा करून भागत नाही, पानं गळतच असतात, मार्चमध्ये परत एकदा झाडावा लागतो. आणि शेजारी काजू गोळा करायला सोपं जावं म्हणून खालचं जाळत असेल तर त्याच्याशी जानेवारीतच बोला, भांडायला जाऊ नका, त्याला सांगा की मी माझ्या माणसाकडून तुझीही बाजू साफ करून देतो. दोन माणसांचा दिवसाचा रोज गेला, पण माझ्या जागेत सात वर्षं आग आली नाही ती त्या रोजामुळे.

पाण्याबद्दल थोडंच सांगतो. तुमच्या ३ हेक्टरवर वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस धरला तरी ते ९ कोटी लिटर पाणी होतं, सत्तरीत घाटाच्या पायथ्याला याहून जास्तच. कोरड्या देशावरचे व्हिडिओ बघून लोक उतारावर चर खणायला सांगतात. तीव्र उतारावर, जांभ्यावरच्या पातळ मातीत, इतक्या पावसात चरात पाणी साठवणं मला धोक्याचं वाटतं, माती भिजून घसरू शकते. पातेरा जागेवर ठेवा, झराच्या वरची झाडी अजिबात हलवू नका, ओहोळात फार तर दगडांचे छोटे बंध. पुष्कळ झालं.

आता उत्पन्न, कारण मामा तेच विचारणार. इमारती लाकडाचा हिशेब सोडून द्या. जे आहे त्यातून मिळतं ते असं की, भिरंडीची झाडं असतील तर एप्रिल-मेमध्ये फळ, घरी सोलं केली तर भाव चांगला येतो. तिरफळं, शिकेकाई, फणस, कडेला जुना काजू असेल तर तो. एक गोष्ट नीट ऐका, भिरंडीत नर झाडं वेगळी असतात, त्यांना फळ धरत नाही, आणि वांझ म्हणून तीच आधी तोडली जातात. तिरफळातही नर-मादी झाडं वेगळी. नर गेला की शेजारच्या मादीचं फळ कमी होतं आणि मग लोक म्हणतात हवामान बिघडलं. म्हणून फुलताना झाडांना खुणा करा. भिरंडीचं बी लावायचं असेल तर फळ खाल्लं की लगेच, वाळवून ठेवलं तर उगवत नाही. यातून वर्षाचा देखभालीचा खर्च निघावा आणि थोडं हातात राहावं एवढीच अपेक्षा ठेवा. तीन हेक्टरवर कार्बन क्रेडिटचे, म्हणजे झाडं हवेतला कार्बन धरतात त्याबद्दलचे, लाखो रुपये मिळवून देतो म्हणणारा कोणी आला तर त्याला आगाऊ पैसा देऊ नका, एवढ्या छोट्या जागेची मोजणी आणि तपासणी यांचाच खर्च मिळकतीच्या वर जातो.

आणि मामा. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलीला मुलाइतकाच वाटा, म्हणून तुमच्या आईचं नाव तिथे आहे आणि ते तिसऱ्या हिश्श्याचं आहे हे आधी लक्षात घ्या. मामींचाही हक्क येतो, कारण इथे लग्नानंतर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते, वेगळा करार केलेला नसेल तर विक्रीला नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे मनात आलं आणि विकलं असं होत नाही. माझ्या वर्गाला एकटे येतात त्यांची रानं बहुतेक तशीच राहतात, भावंडांना घेऊन येतात त्यांचं काम पुढे जातं, हे अकरा वर्षांत मी इतक्या वेळा बघितलं की आता मी नाव नोंदवतानाच विचारतो, दुसरं कोण येणार? दोघा मामांना निदान पहिल्या रविवारी आणा. काजूवाल्या मामांना रोपं मोजायला बसवा. विकणाऱ्या मामांकडे हद्दीची दोरी द्या.

क्लास कुठे, तर एका छपराखाली सगळं देणारं ठिकाण गोव्यात मला ठाऊक नाही. वाळपईला वन खात्याची प्रशिक्षण संस्था आहे पण ती मुख्यतः खात्याच्या लोकांसाठी. तुम्ही तीन तुकड्यांत शिका. भिरंड, काजू, मसाल्याची झाडं यासाठी जुने गोव्यात एला इथे आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, किनारी शेती संशोधन संस्था आहे, तिथेच उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, त्यांची एक-दोन दिवसांची प्रशिक्षणं होतात. कायदा आणि आग यासाठी तुमच्या भागाचं रेंज ऑफिस, तिथल्या गार्डची ओळख करून घ्या, वर्षभर तुमच्या रानाजवळ असणारा तोच. आणि मोजणी, रोपं, साफसफाई यासाठी आमच्यासारखे रानात बसणारे गट. कोणाचाही वर्ग निवडताना दोन गोष्टी विचारा : किती वेळ रानात जाणार, आणि शेवटी माझ्या स्वतःच्या जागेचा नकाशा आणि लेखी प्लॅन माझ्या हातात असणार का. दोन्हीला नाही आलं तर त्या फीमध्ये दोन माणसं लावून रानमोडी काढून घ्या.

पुण्याहून वर्षाला चार खेपा पुरतात. ऑक्टोबरमध्ये हद्द, मोजणी, तण. जानेवारीअखेर आगीचा पट्टा. मेमध्ये फळं, बी, आणि कुठली झाडं फळली ते लिहून ठेवणं. जुलैमध्ये पाऊस स्थिरावला की जिथे खरोखर मोकळी जागा आहे तिथेच आजूबाजूच्या जातींची रोपं. पहिल्या जुलैत मात्र काही लावू नका, एक पावसाळा नुसतं बघा काय आपोआप येतंय. मधल्या महिन्यांसाठी गावातला एक माणूस ठरवा, महिन्यातून एकदा फेरी मारून फोटो पाठवायला. डुकरांसाठी लावलेले तारेचे फासे दिसले तर काढून गार्डला कळवायला त्याला सांगा, त्यात गवाही अडकतो आणि कुत्राही.

या ऑक्टोबरचा पहिला वर्ग आमचा सत्तरीतच आहे. येताना एक-चौदा, सर्व्हे प्लॅनची मोठी झेरॉक्स, तीस मीटरची टेप, पन्नास मीटर दोरी, लाल चिंध्या आणि घोट्याच्या वरचे बूट एवढं आणा. आणि आईंचे पाय चालत असतील तर त्यांनाही आणा. हद्दीवरचा आंबा कोणी लावला, उन्हाळ्यात पाणी कुठल्या झरावरून आणायचे, पूर्वी आग कुठून आत यायची, हे त्या रानात लहानाची मोठी झालेली बाईच सांगू शकते, त्या बोलतील तसं तिथल्या तिथे नकाशावर लिहून घ्या.